पाचव्या दिवसाचे डॉक्टर

माझ्यासाठी आमच्या घरी डॉक्टर यायचे ते पाचव्या दिवशी. चार दिवस मी मागच्या गॅलरीला लागून असलेल्या कोळशाच्या खोलीत पोट धरून पडलेली असे. पाचव्या दिवशी सकाळी डोक्यावरून पाणी घ्यायचं, धुतलेलं परकर-पोलकं घालायचं, ओले केस पाठीवर मोकळे सोडून पुढच्या खोलीत बसायचं. मग डॉक्टर जिना चढून वर येत. तोवर दुखणं गेलेलं असे. ते नाडी बघत, जीभ बघत, खालची पापणी ओढून बघत आणि हसून म्हणत, "हिला काय झालंय? चेहरा बघा कसा टवटवीत आहे."

नुकत्याच न्हालेल्या तेरा वर्षांच्या पोरीचा चेहरा टवटवीत दिसेल नाही तर काय. आज या वयातसुद्धा ते हसू आठवलं की माझ्या अंगाची लाही होते. मी क्षमाशील बाई नाही. वय झालं की माणसं निवळतात म्हणतात, मी काही निवळले नाही.

तेव्हा आम्ही कल्याणला भातगिरण्यांच्या बाजूला, एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. बाबा रेल्वेच्या माल ऑफिसात कारकून होते. आई मी सहा वर्षांची असताना गेली, तेव्हापासून घर आत्याच्या ताब्यात. आत्या म्हणजे बाबांची थोरली विधवा बहीण. तिचं सोवळं अख्ख्या आळीत प्रसिद्ध होतं आणि तिला त्याचा भारी अभिमान होता. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं असेल-नसेल, मला पहिल्यांदा कावळा शिवला, आणि आत्याने मला कोळशाच्या खोलीत चटई, एक ताट, एक तांब्या आणि एक जुनं घोंगडं दिलं. भाकरी वरून ताटात पडे, पाणी वरून ओंजळीत पडे. हे सगळ्याच घरांत होतं, त्याबद्दल माझी तेव्हा तक्रार नव्हती. माझ्या मैत्रिणी तर ते चार दिवस काम नाही म्हणून खुशीत असत, सागरगोटे खेळत.

मला सागरगोटे उचलता येत नसत. दुसऱ्या दिवशी ओटीपोटात असं काही पिळायला लागे की मी चटई दातांत धरायचे. उलट्या व्हायच्या. कंबरेपासून खाली पाय माझे राहायचे नाहीत. आणि शौचाला बसलं की आतून कुणी सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगायला शब्दच नव्हते आणि ऐकायलाही कुणी नव्हतं. आत्या दाराबाहेरून म्हणायची, "सगळ्या बायकांना होतं. तू काय जगावेगळी आहेस का गं? जरा कण्हणं कमी कर, खाली ऐकू जातंय."

एकदा बाबांना राहवलं नाही. ते दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना घेऊन आले. मी खोलीतून ऐकत होते. आत्या जिन्याच्या वरच्या पायरीवर आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "बाजूला बसलीय ती." डॉक्टर खालच्या पायरीवरच थांबले. ते रोज पूजा करणारे, दुपारी सोवळ्यात जेवणारे. गावात त्यांचं त्यासाठी नाव होतं. ते बाबांना म्हणाले, "मग आज कशाला बोलावलंत? न्हाऊ दे तिला. पाचव्या दिवशी येतो." आणि वळले. त्यांचे बूट जिन्यावरून खाली जाताना वाजले. मी तेव्हा ओरडायला हवं होतं. मी दात चटईत रुतवून गप्प पडले, कारण खाली ऐकू जाईल असं आत्या म्हणाली होती.

म्हणजे बघा काय झालं ते. जे दुखणं फक्त चार दिवस असतं, त्याला बघायला डॉक्टर येणार पाचव्या दिवशी. घर पेटलेलं असताना बंबाने यायचं नाही, राख गार झाली की येऊन विचारायचं, आग कुठेय? आणि यात कुणालाच काही चुकीचं दिसलं नाही. आत्याला नाही, बाबांना नाही, डॉक्टरी शिकलेल्या माणसाला नाही. खरं सांगायचं तर पुष्कळ वर्षं मलाही नाही.

औषध म्हणून लाल मिक्श्चर यायचं. बाटलीला मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली. ते मी पाचव्या दिवसापासून घ्यायचे, आणि साहजिकच त्याने गुण यायचा. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झालं की डॉक्टर म्हणायचे, "शाळा बुडवायची युक्ती बरी सापडली हो हिला." आत्याला ते वाक्य फार आवडलं. मग घरात मी ढोंगी ठरले. 'आली हिच्या ढोंगाची तारीख,' असं ती शेजारणींना सांगायची. मला दुखत होतं त्यापेक्षा हे जास्त लागायचं. मला तेव्हा औषध नको होतं, शेक नको होता. माझं दुखणं खरं आहे एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं.

मॅट्रिकच्या परीक्षेत भूमितीचा पेपर दुसऱ्या दिवशी आला. मी तारीख लपवली आणि गेले. पहिलं प्रमेय लिहिलं, दुसऱ्याची आकृती काढली आणि त्या आकृतीवरच ओकले. पर्यवेक्षकांनी टांगा करून घरी पाठवलं. दारातच आत्याला सगळं कळलं. मी जिन्यात गुडघ्यांवर बसले होते आणि ती वरून विचारत होती, कुठल्या बाकावर बसलीस, कुणाकुणाला शिवलीस. मग तिने गोमूत्र-पाणी आणून माझ्या कंपासपेटीवर, पट्टीवर आणि हॉलतिकिटावर शिंपडलं. हॉलतिकिटावरची शाई पसरली. नाव गेलं, आसन क्रमांक गेला. उरलेल्या पेपरांना मला उभं राहण्याचं त्राणही नव्हतं आणि दाखवायला तिकीटही नव्हतं. मी वर्ष गमावलं. आळीत सांगितलं गेलं ते असं की, अभ्यास झाला नव्हता म्हणून मुलीने सोंग काढलं.

पुढच्या वर्षी पास झाले आणि मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. तोवर डॉक्टरांनी नवं औषध काढलं होतं. "लग्न करून टाका," ते बाबांना म्हणाले, "एक मूल झालं की सगळं थांबतं." त्याप्रमाणे बाबांनी डोंबिवलीचं एक स्थळ आणलं. मुलगा सचिवालयात होता, सरळ होता, मला आवडला होता. हे लिहायला आज कुणाची भीती? सगळं ठरत आलं. त्या काळी मुलाकडची मंडळी मुलीच्या डॉक्टरांकडे सहज म्हणून डोकावून जात. मुलाचे वडील गेले. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "मुलगी गुणी आहे, पण जरा हिस्टेरियाचा भाग आहे. दर महिन्याला घर डोक्यावर घेते. लग्नानंतर जाईल." आठवड्याने डोंबिवलीहून निरोप आला की पत्रिका जमत नाही.

हे मला कळलं कारण डॉक्टरांनी स्वतःच बाबांना सांगितलं. आपण खरं बोललो, फसवणूक होऊ दिली नाही, याचं त्यांना समाधान होतं. लग्नाचं औषध त्यांनीच लिहून दिलं आणि ते औषध मिळायच्या वेळी बाटली त्यांनीच फोडली.

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर डूख धरला. रस्त्यात दिसले की मी मान खाली घालत नसे. बघत राहायचे. तेच नजर वळवायचे.

त्यानंतर दोन वर्षांनी, मी बावीस वर्षांची असताना, दुसऱ्या दिवशी सकाळी कोळशाच्या खोलीत पडल्या पडल्या मला एकदम वाटलं की पुरे झालं. मी उठले. भिंत धरून स्वयंपाकघरात गेले. आत्या चुलीपाशी होती. मी पाण्याच्या हंड्याला हात लावला, मग लोणच्याच्या बरणीला, मग वळणीवरच्या तिच्या सोवळ्याला. एकेक वस्तू नीट, तळवा टेकवून. आत्याच्या हातातला डाव तसाच राहिला. ती म्हणाली, "अगं, तुला वेड लागलं का?" मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतातच तसं." सगळा स्वयंपाक तिने नंतर टाकून दिला म्हणे, आणि दिवसभर उपाशी राहिली. मला तिची दया आली नाही, आजही येत नाही. लोक मला समजावतात की तिलाही कधीतरी दुखलं असेल. असेल. मग तिने मला सांगायला हवं होतं.

तशीच पायात वहाणा घालून मी दवाखान्यात गेले. सकाळची वेळ, बाकावर सात-आठ माणसं. मी पडदा सारून आत गेले आणि तपासायच्या टेबलावर आडवी झाले. म्हटलं, "डॉक्टर, आज दुसरा दिवस आहे. आज बघा." ते खुर्चीतून उठून भिंतीपाशी सरकले. हात पाठीमागे घेतले. "हे काय भलतंच? चार दिवसांनी ये, मी नीट बघतो."

"लिहून द्या," मी म्हटलं.

"काय लिहून द्या?"

"हेच. की आज दुखतंय म्हणून आली, मी बघितलं नाही, चार दिवसांनी ये म्हणालो."

मी टेबलावरून उतरेना. शेवटी माझी ब्याद जावी म्हणून त्यांनी आपल्या छापील कागदावर एक ओळ खरडली, 'चार दिवसांनी दाखवणे', खाली सही केली आणि कागद टेबलाच्या कडेला ठेवला. माझ्या हातात दिला नाही.

तो कागद घेऊन मी ठाण्याला गेले. तिथे मुंबईला शिकलेल्या एक बाई डॉक्टर नव्याने आल्या होत्या, हे आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंकडून ऐकलं होतं. डॉक्टरबाईंनी कागद वाचला आणि मला आत नेलं. त्यांनी विचारलेले प्रश्न मला पाठ आहेत. कधीपासून दुखतं? पाळीच्या आधी सुरू होतं की नंतर? शाळा बुडायची का? अंथरुणातून उठता येतं का? शौचाला दुखतं का, आणि त्याच दिवसांत का? या शेवटच्या प्रश्नाला मी रडायला लागले. नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आणि या बाईला न सांगता माहीत होतं.

मग त्यांनी तपासलं. एका जागी त्यांचं बोट टेकलं आणि मी किंचाळले. त्या म्हणाल्या, "हो. लागतंय माझ्या हाताला. गाठी आहेत. बरं झालं आज आलीस." हात धुताना त्यांनी मला समजावलं. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच अस्तर काही बायकांच्या पोटात नको तिथे रुजतं. दर महिन्याला तेही रक्त सोडतं, पण त्या रक्ताला बाहेर यायला वाट नसते. एंडोमेट्रिओसिस म्हणतात. मी ते नाव त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. नाव असलेलं दुखणं ढोंग कसं असेल?

मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशन झालं. आत चॉकलेटसारख्या काळ्या जुन्या रक्ताच्या गाठी होत्या, आतडी एकमेकांना आणि गर्भाशयाला चिकटली होती. एक बीजकोश काढावा लागला, दुसऱ्याचा जेमतेम तुकडा राहिला. टाके काढल्यावर बाई मला म्हणाल्या, "मूल होणार नाही असं धरून चाल. पहिल्या दोन-तीन वर्षांत कुणी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती." आणि पुढे म्हणाल्या, "महिन्याच्या दुखण्याने मुलीला शाळेत जाता येत नसेल तर ते सगळ्यांना होतं तसलं दुखणं नव्हे. एवढं एक ओळखलं तरी पुष्कळ झालं."

हे वाक्य मी कल्याणला आणलं आणि हत्यारासारखं वापरलं. हळदीकुंकवात, नळावर, बायकांच्या भजनात, जिथे चार बायका दिसतील तिथे मी डॉक्टरांची कहाणी नाव घेऊन सांगे. म्हणायचे, दुखतंय त्या दिवशी जा, आणि नाही म्हणाले तर लिहून मागा. बायका आधी पदर तोंडाला लावून हसल्या, मग एक गेली, मग दुसरी. दवाखान्यात पडद्याआडून डॉक्टरांना ऐकू यायला लागलं, "लिहून देता का?" त्यांची मोठी पंचाईत झाली. मला त्यातून किती सुख मिळालं ते सांगून खरं वाटणार नाही.

पण हे लिहायला बसले ते या सुखासाठी नाही.

दीड-दोन वर्षांनी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी आली. हुशार, अक्षर मोत्यासारखं, जरा लाजरी. डॉक्टरांची नात, त्यांच्या मुलाची मुलगी. जूनमध्ये ती चार दिवस आली नाही आणि पाचव्या दिवशी ओले केस सोडून आली. जुलैत तसंच. बाकीच्या मुलीही बाजूला बसत, पण त्या परत येत तेव्हा हसत-खेळत येत. ही येई ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी, डोळ्यांखाली काळं घेऊन. मला काही विचारावं लागलं नाही. हजेरीपट उघडला आणि मी ओळखलं.

ओळखलं तेव्हा मला आनंद झाला. लाज वाटते, पण आनंदच झाला. मनात म्हटलं, आता येऊ दे कण्हण्याचा आवाज त्यांच्या घरातून. बघू दे पाचव्या दिवशी नातीची नाडी. द्या म्हणावं लाल मिक्श्चर. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. दर महिन्याला मी तिच्या नावापुढे चार गैरहजेऱ्या मांडत होते आणि गप्प होते. आळीतल्या प्रत्येक बाईला जे सांगत सुटले होते, ते मी त्या एका मुलीला सांगितलं नाही.

ऑक्टोबरात सहामाही परीक्षा होती. गणिताच्या पेपरात ती बाकावर वाकली आणि उठेना. मी जवळ गेले. पेन्सिल दातांत धरली होती. "घरी सांगितलं नाही बाई," ती कुजबुजली, "पेपर बुडला असता." तिच्या दातांतली ती पेन्सिल मला बघवेना. मी तिला उचलूनच टांग्यात घातलं आणि दवाखान्यासमोर उतरवलं.

बाकावर माणसं होती. तरी मी सगळ्यांसमक्ष म्हटलं, "डॉक्टर, आज दुसरा दिवस आहे. हात लावता, की चार दिवसांनी आणू?"

म्हाताऱ्याने एकदा बाकावरच्या माणसांकडे बघितलं. मग पुढे आला, नातीला दोन्ही हातांवर घेतलं, टेबलावर ठेवलं आणि पोटावर हात टेकवला. ती किंचाळली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या चेहऱ्याची मी इतकी वर्षं वाट पाहत होते, आणि तो बघून मला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. ते हळूच म्हणाले, "ठाण्याच्या त्या बाई..." मी त्यांना ते पुन्हा विचारायला लावलं. ऐकू आलं नाही असं दाखवलं. मग पत्ता सांगितला.

पुढचं आधीच सांगून टाकते. मुलगी बरी झाली. लहानसं ऑपरेशन झालं, बाई म्हणाल्या वेळेत आणलीत, आणि पुढे तिला दोन मुलं झाली. त्या वर्षापासून आमच्या शाळेत दर महिन्याला त्याच दिवसांत गैरहजर राहणाऱ्या मुलीच्या आईला बोलावून डॉक्टरबाईंचेच प्रश्न विचारायचे, हा नियम मी मोठ्या बाईंच्या मागे लागून करून घेतला. सगळे म्हणाले, स्वतः सोसलं म्हणून दुसऱ्याचं कळलं. मी ऐकून घेतलं.

तर त्या दिवशी दवाखान्यातून ठाण्याला जायला केलेला तो टांगा. डॉक्टर पुढे टांगेवाल्याशेजारी बसले होते, आमच्याकडे पाठ करून. मागे मी आणि ती. स्टेशनाकडे निघालो. तिला कळ थोडी ओसरली असावी. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मला खरंच दुखतं हे तुम्हाला कधी कळलं?"

पुढे डॉक्टरांची मान किंचित वळली.

"आजच," मी म्हटलं.

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. तिचा लगेच विश्वास बसला.